सुकती बघून सिंधुदुर्ग

बारा वर्षांपूर्वी सिंधुदुर्गावर पहिल्यांदा गेलो, तेव्हा होडीतून उतरतानाच सांगितलं होतं, "तासाभरात परत या, नाहीतर होडी निघून जाईल." आम्ही शिवराजेश्वराचं दर्शन घेतलं, एका विहिरीत डोकावलो, तटावर चढून दोन फोटो काढले आणि पळत परत आलो. 48 एकरांचं बेट, जवळजवळ तीन किलोमीटरचा तट, आणि त्याला एक तास. घाट चढून घरी येईपर्यंत चुटपुट लागून राहिली. मी ज्यासाठी गेलो होतो ते राहूनच गेलं होतं.

मी गेलो होतो शिशासाठी.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं पॅटर्नचं दुकान आहे. फौंड्रीत एखादा भाग ओतायचा असला की आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो आम्ही सागवानात घडवतो. मोल्डर तो वाळूत दाबतो, अलगद काढून घेतो आणि जी पोकळी उरते तिच्यात लोखंड ओततात. एकवीस वर्षं हेच काम करतोय. आजूबाजूला सगळीकडं भट्ट्या, त्यामुळं ओतकाम रोज डोळ्यांसमोर. आणि शाळेपासून ऐकलेलं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं, की सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलंय. पुस्तकात ते एका ओळीत येतं आणि सर पुढच्या ओळीवर जातात. ओतकाम बघणारा माणूस मात्र त्या ओळीवरच थांबतो. समुद्राच्या मध्यात, भिजलेल्या खडकावर, वितळलेलं शिसं?

कारण आमच्याकडं पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी त्याला एकच गोष्ट शिकवतात: ओल. साच्यात ओल राहिली आणि त्यावर रस पडला की पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि धातू उसळून अंगावर येतो. म्हणून लाडल, म्हणजे रस ओतायची मोठी पळी, आधी तापवून घ्यायची, कोअर, म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा, वाळवून घ्यायचा, हातातलं अवजारसुद्धा कोरडं पाहिजे. लोखंड आम्ही चौदाशे अंशांच्या आसपास ओततो. शिसं तुलनेनं गरीब, 327 अंशांना वितळतं, लाकडाच्या जाळावरसुद्धा पाणी होतं. पण ओलीशी त्याचंही वैर तेवढंच.

तर यंदा ठरवलं, परत जायचं आणि घड्याळ बघून जायचं नाही, समुद्र बघून जायचं. मालवणात वायरीला ज्यांच्या घरी उतरणार होतो त्या काकूंना फोन केला, म्हटलं तटाच्या बुडापर्यंत जायचंय, कधी येऊ? त्या म्हणाल्या, "पुनवेक येवा. मोठी सुकती गावतली." सुकती म्हणजे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, तशीच सुकतीही मोठी होते. पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं. अष्टमीच्या सुमाराला फरक कमी, त्याला तिकडं भांग म्हणतात. आणि भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. पौष पौर्णिमा शनिवारी येत होती. मालवणात पौर्णिमेला दुपारच्या आधी भरती आणि संध्याकाळी पाचच्या पुढं सुकती. म्हणजे दुपारच्या होडीनं बेटावर जायचं आणि पाणी उतरत असताना तिथं असायचं. एवढं साधं गणित मला बारा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!

निघालो शुक्रवारी. मी, बायको, नववीतला पोरगा आणि कसबा बावड्याची आमची आत्ती. आत्तीचं वय एक्काहत्तर. तिनं आयुष्यात पन्हाळा शंभर वेळा बघितला असेल, पण पाण्यातला किल्ला एकदाही नाही. "पाण्यात किल्ला म्हंजे बुडत कसा न्हाई रं?" हा तिचा प्रश्न. त्याचं उत्तर तिला तिथंच देऊ म्हटलं.

राधानगरी-दाजीपूर करून फोंडा घाटानं गेलो. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण जानेवारी म्हणजे उसाचे दिवस. भोगावतीपर्यंत ट्रॉल्यांच्या मागं मागं जायला लागलं. दाजीपूरच्या जंगलात शिरल्यावर हवा बदलते, आणि घाट उतरला की पुन्हा बदलते. फोंड्याला आत्तीनं अंगावरची शाल काढून घडी घालून पिशवीत ठेवली. कणकवली, कसाल, मालवण. संध्याकाळी काकूंच्या अंगणात पोचलो तर जेवण तयार होतं: बांगड्याचं तिखलं, तिसऱ्या, भात, सोलकढी. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या माणसाला सोलकढीचं मोल जरा उशिरा कळतं, पण कळतं.

शनिवारी सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर जाऊन भरती बघून ठेवली. समोर बेट, ज्याला कुरटे म्हणतात, आणि त्यावर नागमोडी गेलेला तट. पाणी तटाला भिडलेलं. मध्ये पद्मगडाचा लहान खडक, त्याच्यावर लाटा फुटत होत्या. पोराला म्हटलं, हे डोक्यात ठेव, संध्याकाळी हेच पुन्हा बघायचंय.

दुपारी दोनच्या सुमाराला जेटीवरून होडी धरली. होडीवाल्याशी आधीच बोलून घेतलं, की आम्ही याच होडीनं परत येणार नाही, शेवटच्या होडीनं येऊ. तो लगेच हो म्हणाला. नुसतं विचारायचा अवकाश होता. तुम्हीही विचारा. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास आहे, पण डोळे उघडे ठेवून करायचा, कारण पाण्यात सगळीकडं खडक आहेत. काही दिसतात, काही पाण्याखाली. होडी सरळ जात नाही, वळणं घेत जाते. मोठी जहाजं या बाजूला येऊच शकत नव्हती आणि वाट फक्त इथल्या माणसांना ठाऊक. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, इंग्रज या सगळ्यांना तोंड द्यायला महाराजांनी हीच जागा का निवडली, ते होडीत बसल्यावर समजतं.

आणि दरवाजा दिसत नाही! अगदी जवळ जाईपर्यंत नुसता तट दिसतो. मग होडी वळते आणि दोन बुरुजांच्या मधल्या बोळकांडीत दरवाजा उघडतो. पन्हाळ्याचा तीन दरवाजा बघितलेल्या माणसाला वाटतं की दरवाजा म्हणजे रुबाब. इथला दरवाजा आधी लपतो.

आत शिरलं की मारुती आहे. पुढं तटाशी दोन छोट्या घुमट्या दिसतात. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा त्यांत जपलाय असं पिढ्यान् पिढ्या मानतात. चुन्याच्या ओल्या थरावर उमटलेले ठसे. पहिल्या खेपेला मी नमस्कार करून पुढं गेलो होतो. या वेळी बसलोच. पोराला बोलावलं आणि म्हटलं, हे काय आहे सांग. तो म्हणाला, "पप्पा, हाताचा छाप." म्हटलं, नीट बघ, आपण दुकानात रोज काय करतो? हात म्हणजे पॅटर्न, चुना म्हणजे वाळू. पॅटर्न काढून घेतल्यावर साच्यात जे उरतं तेच हे. चांगला ठसा हवा असेल तर हात सरळ दाबायचा आणि सरळ उचलायचा, जरा तिरका ओढला की कड फाटते. पॅटर्नला आम्ही टेपर, म्हणजे जरासा निमुळता उतार, देतो तो याचसाठी. साडेतीनशे वर्षांपूर्वी चुना ओला असताना कुणीतरी सांगितलं असणार, आता दाबा, आता उचला. पोरगं बराच वेळ गप्प बसून बघत होतं. माझ्या धंद्याकडं तो असा कधी बघत नाही, म्हणून हे लिहिलं.

25 नोव्हेंबर 1664 ला बांधकामाची सुरुवात झाली आणि 1667 पर्यंत किल्ला उभा राहिला. हिरोजी इंदुलकरांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे, रायगडाच्या पायरीवर ज्यांनी आपलं नाव कोरून ठेवलं तेच. तट तीस फूट उंच आणि बारा फूट जाड. बेट जसं वळतं तसा तो वळतो, सरळ रेषेत कुठंच जात नाही, त्यामुळं कुठूनही कुणी जवळ आलं तरी दोन बाजूंनी माऱ्यात सापडतं. तटाच्या जाडीत शौचकूपसुद्धा बांधलेत. पहारेकऱ्याला जागा सोडून लांब जायला लागू नये एवढा विचार.

शिवराजेश्वराच्या देवळात मात्र आम्हाला कुणी हलवू शकलं नसतं, कारण आत्ती बसली होती. महाराजांचं हे देऊळ 1695 साली, राजाराम महाराजांच्या काळात झालं. महाराज इथं आपण फोटोत बघतो तसे नाहीत. दाढी नसलेली, बसलेली दगडी मूर्ती, तिच्यावर मुखवटा चढवलेला. पुढचा सभामंडप आपल्या शाहू महाराजांनी बांधलाय. हे आत्तीला सांगितलं तर तिनं आधी खांबाला हात लावला, मग वर बघितलं, आणि म्हणाली, "म्हंजे ह्यो मांडव आपल्या म्हाराजांचा?" म्हटलं, व्हय. झालं. खांबाला पाठ टेकून ती अर्धा तास बसली, जशी घरच्या सोप्यात बसावी तशी. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगत होती, आम्ही कोल्हापूरचे, ह्यो आमचा मांडव.

आणि तिचं चूक नव्हतं. ही गोष्ट आपल्याकडं फार कमी लोकांना ठाऊक असते याचं मला वाईट वाटतं. आपण सिंधुदुर्ग म्हटलं की शिवाजी महाराज म्हणतो आणि तिथंच थांबतो. पण पुढं शंभर वर्षांच्या आसपास हे बेट करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीकडं होतं. कोल्हापूरचं आरमार मालवणला असायचं. 1765 ला इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याचं नाव बदलून फोर्ट ऑगस्टस ठेवलं. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या महाराणी जिजाबाईंनी तह करून तो परत मिळवला. मग 1812 च्या तहात मालवणसकट तो इंग्रजांना द्यायला लागला. म्हणजे घाटावरच्या आपल्या या शहराला एकेकाळी समुद्र होता! रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून भेळ खाताना हे कुणाच्या मनात येतं का? माझ्या आता येतं.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे आणि सिंधुदुर्गही आहे. पन्हाळ्यावर त्या वेळी आनंद साजरा झाला, आम्हीही गेलो होतो. त्या बारांतले हे दोन आपल्याच घरातले आहेत, एक डोंगरावरचा आणि एक पाण्यातला.

देवळाच्या आसपास तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि यांत गोडं. पावसाचं पाणी बेटाच्या पोटात मुरतं, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळं वर राहतं, असं विज्ञान आहे. आत्तीनं ओंजळीत घेऊन चाखलं आणि म्हणाली, "पंचगंगेपरास गोडं." बेटावर काही घरं आहेत, पिढ्यान् पिढ्या राहणारी. तिथं एका मावशींनी आम्हाला सरबत दिलं. पावसाळ्यात होड्या बंद होतात, त्याआधी तांदूळ-मीठ भरून ठेवायला लागतं, असं त्या सांगत होत्या. सहज सांगत होत्या, आपण उन्हाळ्यात चटणी करून ठेवतो तसं.

चार वाजून गेल्यावर समुद्राच्या बाजूच्या तटाकडं निघालो. तिथं तटात एक लहान दिंडी आहे. वाकून बाहेर पडलं की पुढ्यात इवलीशी पुळण. तिला राणीची वेळा म्हणतात. महाराणी ताराबाई इथं समुद्रस्नानाला येत, अशी इथली सांगी आहे. मी शिरोलीला जाताना रोज कावळा नाक्यावरून जातो, तिथं घोड्यावर बसलेल्या ताराराणी आहेत, हातात तलवार. 1700 मध्ये राजाराम महाराज गेले, तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या, आणि तिथून पुढं औरंगजेबाशी त्यांनी झुंज दिली. आपली गादी त्यांची. एवढ्या वर्षांत मी त्यांना घोड्यावरून उतरलेलं कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. इथं त्या वाळूवर उभा राहिलो आणि पहिल्यांदा वाटलं की ही बाई कधीतरी सगळं बाजूला ठेवून पाण्यात पाय सोडून बसली असेल.

आत्ती बसली. चपला काढून, लुगडं जरा वर खोचून, पाय पाण्यात. बायको तिच्याशेजारी. मी आणि पोरगं तटाच्या बुडाशी खडकांवर उतरलो.

सकाळी ज्या दगडांवर लाटा आपटत होत्या ते आता उघडे होते. पुरुषभर पाणी उतरलं होतं. खडकांवर कालवं चिकटलेली, धारदार, चप्पल घातल्याशिवाय पाय ठेवू नका. तटाचे वरचे थर चुन्यात बसवलेले दिसतात. खाली खाली यावं तसे दगड मोठे होत जातात आणि सांध्याची फट बारीक. मी सगळ्यात खालच्या उघड्या थराच्या सांध्यातून बोट फिरवलं. नखसुद्धा शिरत नव्हतं. शिसं त्याच्याही खाली, पायात. ते दिसायचं नाही, दिसलं तर किल्ल्याचं काही खरं नाही. पण ज्या जागेवर ते ओतलं त्या जागेवर मी उभा होतो.

तिथं उभं राहून मी मनात ते काम मांडून बघितलं. हे माझं धंद्यातलं गणित आहे. शिसं लांबून वितळवून आणता येत नाही, लहान पळीत ते बघता बघता थिजतं. म्हणजे भट्टी याच खडकावर, कामाच्या हाताशी. दगडात खाच आधी खोदलेली पाहिजे, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, म्हणजे शिसं थिजल्यावर अडकून बसतं. शिसं दगडाला चिकटत नाही, धरून ठेवतं. मग पाणी उतरायची वाट बघायची. पाणी उतरलं की खाच पुसायची, निखारे भरून तापवायची, ओलीचा थेंब राहता कामा नये. मग ओतायचं. आणि समुद्र परत यायच्या आत ते थिजलेलं पाहिजे. एका सुकतीत किती दगड होत असतील? सहा तासांत पाणी चढतं, त्यातले उपयोगाचे दोन-तीनच. दिवसातून दोन सुकत्या, त्यातली एक बहुतेक रात्रीची. म्हणजे रात्री मशाली लावून माणसं इथं ओतत असणार. चंद्र असेल तर त्याच्या उजेडात, कारण मोठी सुकती अमावास्येसारखी पौर्णिमेलाही येते.

शिसंच का, लोखंड का नाही, असं पोरानं विचारलं. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं, फुगतं आणि दगडच फोडतं. शिसं गंजून फुगत नाही, आणि ते मऊ असतं. लाट दगडाला धक्का देते तेव्हा मऊ सांधा तो धक्का पोटात घेतो. कडक सांध्याला तडा जातो. आमच्याकडं मशीनच्या पायाखाली रबराचा तुकडा घालतात, तसंच. पोरगं म्हणालं, "म्हणजे त्यांनी किल्ल्याला बुशिंग घातलं." मला फार आनंद झाला. असं नेमकं मलाही सुचलं नसतं.

तेवढ्यात वरून आत्तीची हाक आली, "आरं, पानी फिरतंय का बघ." पाणी फिरायला अजून वेळ होता, पण शेवटच्या होडीची वेळ झाली होती. निघताना वाळूत प्लास्टिकचे ग्लास आणि वेफर्सच्या पिशव्या पडलेल्या दिसल्या, त्या बायकोनं आणि पोरानं गोळा केल्या. एक पिशवी भरली. जिथं राणी आंघोळीला यायची म्हणून आपण बघायला येतो तिथंच हे टाकून जायचं मन कसं होतं, मला खरंच कळत नाही.

रविवारी मुलाला स्नॉर्केलिंग करायचं होतं, ते त्यानं दुपारी केलं आणि प्रवाळ बघून खूश झाला. 1987 पासून इथला 29 चौरस किलोमीटरचा समुद्र अभयारण्य आहे. पण माझा रविवार पहाटेच होऊन गेला होता. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सुमाराला सुकती. काकूंचा पुतण्या बॅटरी घेऊन बरोबर आला. त्यानं आधी दांडीच्या किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा दाखवला. एक मोठा खडक, त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले. किल्ल्याच्या बांधकामाआधी महाराजांनी पूजा केली ती इथं. आत्तीनं आदल्या रात्रीच बांधून ठेवलेली हळदकुंकवाची पुडी सोडली, जास्वंदीचं फूल वाहिलं आणि वाळूतच बसकण मारली. म्हणाली, "तुमी जावा. मी हितं बसून बघते."

आम्ही तिघं पद्मगडाकडं निघालो. पुतण्या पुढं, त्याच्या मागं पोरगं, मागं मी. आदल्या सकाळी जिथं लाटा फुटत होत्या तिथून आता घोट्याएवढ्या, कुठं गुडघ्याएवढ्या पाण्यातून चालत होतो. तळाची वाळू रेघारेघांची, पायाखाली घट्ट. या खडकावर आरमाराची जहाजं बांधत आणि दुरुस्त करत, असं पुतण्यानं सांगितलं. वर वेताळाचं देऊळ आहे. देवळापाशी उभं राहिलो तेव्हा पूर्वेला घाटाच्या बाजूनं उजाडत होतं आणि पश्चिमेला सिंधुदुर्गाच्या तटावर चंद्र अजून होता, फिका पडलेला. कोल्हापूर त्या उजाडणाऱ्या बाजूला. तट इथून पूर्ण दिसत होता, बुडापासून वरपर्यंत, सगळे थर.

पुतण्यानं पाण्याकडं बघितलं. मला काही फरक दिसत नव्हता. त्यानं एका खडकाकडं बोट केलं, आम्ही येताना कोरडा होता, आता त्याच्या कडेनं बारीक ओल चढलेली. "भरती लागली. चला," तो म्हणाला. आम्ही खाली उतरलो. निम्म्यावर आलो तेव्हा येताना घोट्याला असलेलं पाणी पोटऱ्यांना लागत होतं, आणि किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याशी आत्ती उभी राहून पदर हलवत होती.